बॉनेटवर कोण होतं?

हमीदभाई वॉर्डात शिरले की नर्सबाया आपापली पेनं लपवायच्या. हमीदभाई कुणाचंही पेन मागून घेत आणि परत द्यायला हमखास विसरत. त्यात लबाडी नव्हती. लिहिता लिहिता ते पुढच्या खाटेकडे सरकत आणि पेनही त्यांच्याबरोबर सरके. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मी एकदा सात पेनं मोजली होती. त्यातली दोन माझी होती आणि एक कोर्टातल्या कारकुनाचं.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत कुठे बस उलटली, घसरली, टँकरला धडकली, की पोलिसांच्या पाठोपाठ सरकारी दवाखान्यात कोण पोचणार हे ठरलेलं असे. साठी ओलांडलेली, बुटकी अंगलट, जाळीची पांढरी टोपी, मेंदीने तांबूस झालेली दाढी आणि काखेत दोनशे पानी वही. साजगावच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. तिथे कामगारांच्या बसवर हजेरी घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. बसच्या दारात उभं राहायचं, चढणाऱ्याच्या नावापुढे खूण करायची, एवढंच. हे मला कळलं तेव्हा वाटलं, जित्याची खोड आहे. काही माणसं निवृत्त झाली की घरच्यांची हजेरी घेतात. हे दोन तालुक्यांची घेतात.

जखमी माणसाला सगळे विचारतात, कसं वाटतंय. हमीदभाई विचारत, "कुठं बसलावतास रं?" माणूस कितीही कण्हत असला तरी याचं उत्तर देई. तिसऱ्या बाकावर, खिडकीला. "बाजूला कोन व्हता?" एक म्हातारा व्हता, भाजीचं गाठोडं घेऊन. मग हमीदभाई खाटेच्या कडेवर टेकत आणि म्हणत, "चल, गाडी काढू." वहीत एक लांबट चौकोन, त्यात बाकांच्या चौकटी, पुढे ड्रायव्हर, मागे लांब बाक. प्रत्येक चौकटीत एक नाव. नाव कळलं नाही तर 'निळं लुगडं', 'कडेवर पोर', 'भाजीवाला म्हातारा'. दुसऱ्या वॉर्डात गेलं की निळ्या लुगड्याचं नाव मिळे. संध्याकाळपर्यंत सगळी बस कागदावर बसलेली असे, आणि प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याची साक्ष दिलेली असे.

याचा उपयोग काय, हे वकील झाल्यावरही मला उशिरा कळलं. पुढे वर्षा-दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, हा माणूस गाडीत होता कशावरून, तिकीट दाखवा. तिकीट सदऱ्याच्या खिशात असतं, आणि रक्ताने भरलेला सदरा दवाखान्यात कात्रीने कापून फेकलेला असतो. मग बाजूला कोण बसलं होतं, यावर माणसाचा सगळा दावा उभा राहतो.

गाडी पुरी भरली की हमीदभाई पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात करत. आता एकच प्रश्न असे. "बॉनेटवर कोन व्हतं?"

जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण आतच असे, गर्दी झाली की लोक त्यावर बसत. आताच्या कित्येक गाड्यांत ते नसतंच. मुंबईहून सहलीला आलेल्या आरामबसच्या लोकांनाही हमीदभाई हे विचारत, आणि ती माणसं बँडेजमधून एकमेकांकडे बघत. मी एकदा म्हटलं, "हमीदभाई, या गाडीला बॉनेट नव्हतं."

"ठाव हाय," ते म्हणाले. "तरी इचारतो."

माझी त्यांची ओळख भांडणाने झाली. मी कर्जतला वकिली करते. तेव्हा नवी होते, खोली भाड्याची आणि तोंड मात्र स्वतःचं. अपघाताचे दावे म्हणजे दलालांचं कुरण. दवाखान्याच्या दारातच माणसं उभी असतात, जखमीच्या नातेवाइकांना गाठतात, वकिलाकडे आणून घालतात आणि दोन्हीकडून वाटा खातात. एका दुपारी हमीदभाई तीन बायका आणि प्लास्टरमधला एक पाय घेऊन माझ्या खोलीत आले आणि वहीतली गाडी माझ्या टेबलावर पसरली. मी वहीकडे पाहिलंच नाही. म्हटलं, "आधी तुमचा हिस्सा किती ते सांगा."

बायका खाली बघायला लागल्या. हमीदभाईंना राग आला नाही. "बाय, एक चा पाज," ते म्हणाले. "आन ह्यांना पन."

मी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, कपबशी खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "माजा हिस्सा पोचला. आता कामाचं बोलू." त्या दिवशी मला माझीच इतकी लाज वाटली की ते गेल्यावर मी दार लावून बसले. आजही कुणा अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत टाकून बोलावंसं वाटलं की ती कपबशी आठवते.

कामाचं बोलायला मात्र मला जागाच ठेवली नव्हती. मी पुस्तक उघडायच्या आत त्यांनी त्या तिघींना सगळा कायदा सांगून टाकला होता. "दोन गाड्यांची टक्कर झाली तर चूक कोनाची, ह्याचा निवाडा तुमी कराचा नाय. तुमी नुसत्या बसल्यावत्या. दोघांवर दावा लावाचा, ते आपसात भांडतील. दावा पडलात तिथंच लावाला पायजे असं नाय, राहाता तिथल्या कोरटात बी लागतो. चूक शाबीत न करता ठरल्याली रक्कम घ्याची वाट येगळी, आन चूक शाबीत करून पुरी भरपाई मागाची येगळी. दोन्ही हातांत लाडू मिळत नाय. कामावर जाताना पडलात तर कामगारांचा कायदा बी हाय. पन एकच धराचा, कंचा त्यो वकीलबाय सांगंल. ठोकर मारून गाडी पळाली, सापडलीच नाय, तरी सरकारात अर्ज करता येतो. आन मुदत सा महिने. दुखनं बरं झालं की बघू म्हनाल, तर दुखनं ऱ्हाईल आन दावा जाईल." मग माझ्याकडे वळून नम्रपणे विचारलं, "बरोबर हाय ना, बाय?"

सगळं बरोबर होतं. जिथे बारकावे सुटले होते तिथे ते सुटू देणंच शहाणपणाचं होतं. त्यांची एक ठरलेली म्हण होती, "रडाचा आठवडा आन कागदाचा आठवडा एकच असतो." अपघाताची नोंद झाली का, पंचनाम्यात नाव आलं का, दवाखान्याच्या कागदावर 'बस अपघात' असंच लिहिलंय का, औषधाच्या पावत्या कुठे ठेवल्यात. घरात रडारड चाललेली असताना हा माणूस पावत्यांसाठी प्लास्टिकची पिशवी मागायचा. पुष्कळांना तो निर्दय वाटे. वर्षभराने तीच माणसं ती पिशवी उराशी धरून माझ्याकडे येत.

एकदा खोपोलीजवळ लग्नाची बस कलंडली. दोन-तीन दिवसांनी बसमालकाचा माणूस सफरचंदं घेऊन दवाखान्यात आला आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खाटेशी बसला. म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्या माणसाने औषधपाण्याचं सगळं बघतो म्हणून सांगितलं, स्टँपपेपर काढला आणि शाईचं पॅड उघडलं. म्हाताऱ्याने अंगठा पुढे केलाच होता. हमीदभाई पलीकडच्या खाटेवर गाडी काढत होते. ते तिथूनच म्हणाले, "सायेब, वाचून दाखवा की. मोठ्यानं. आमी बी ऐकतो."

त्या माणसाची पंचाईत झाली. सगळा वॉर्ड त्याच्याकडे बघत होता. तो भरभर वाचायला लागला. 'मी स्वखुशीने लिहून देतो की,' इथपर्यंत आला आणि म्हाताऱ्याची बायको, जी तोवर पायाशी गप्प बसली होती, तिने विचारलं, "कंची खुशी?"

"नाही, तसं लिहायची पद्धत असते," तो म्हणाला.

"पन खुशी कंची?" तिने पुन्हा विचारलं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तो माणूस कागद घडी करून निघाला. हमीदभाईंनी त्याला दारात गाठून सफरचंदांची पिशवी परत दिली आणि म्हणाले, "राग मानून जाऊ नका. पुन्हा या, पन वकील घेऊन या." तो दावा पुढे लोकअदालतीत मिटला, मालकाने तडजोड केली. म्हातारी अजून भेटते.

असे किस्से मी कितीही सांगेन. ऐकणाऱ्याला वाटेल, वा, काय धीराचा माणूस. मलाही तसंच वाटे. पण हमीदभाईंची एक गोष्ट होती जी सांगायला मला तेव्हाही आवडत नसे. गाडी पूर्ण काढून झाली, नावं भरली, पोलिसांच्या यादीशी आकडा जुळला, की ते वही मिटत नसत. तशीच मांडीवर धरून बसत आणि पुटपुटत, "एक कमी हाय."

एकदा ते खरं निघालं. चौकजवळच्या वळणावर मिनीबस खाली गेली होती. सगळे बाहेर काढले, क्रेन आली, गाडी उचलली, पोलीस परतही निघाले. हमीदभाई म्हणाले, एक कमी आहे. हवालदार वैतागला. पण ते एकटेच उतारावरून खाली उतरले तेव्हा लाजेकाजेने दोन पोलीस मागे गेले. करवंदीच्या जाळीत एक म्हातारा पडला होता, जिवंत. त्याला बोलता येत नव्हतं, फक्त चप्पल नसलेला पाय हलत होता. त्या दिवसापासून पोलीस ठाण्यात हमीदभाईंना खुर्ची मिळायला लागली.

पण बाकीच्या वेळी कुणी कमी नसे. मी स्वतः मोजलेलं असे. तरी ते म्हणत, एक कमी आहे, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही येई की मी दुसरीकडे बघत असे. दुपारच्या लख्ख उन्हात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, फिनेलच्या वासात, माझ्या अंगावर काटा आला आहे. हा माणूस कुणाला शोधतो आहे, हे विचारायला मला सात-आठ वर्षं लागली. खरं तर मी विचारलंच नाही.

एका कामासाठी आम्ही दोघं खोपोलीहून कर्जतला बसने निघालो होतो. जुनी गाडी होती, बॉनेट आत असलेली. हमीदभाई चढले की आधी पुढे जाऊन उलटे उभे राहत आणि सगळ्यांचे चेहरे बघून घेत. ओठ हलत असत. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याने विचारलं, "काय चाचा, झाली हजेरी? सोडू गाडी?" लोक हसले, हमीदभाईही हसले. पुढे गर्दी वाढली आणि एक मुलगी दप्तर सांभाळत बॉनेटवर बसायला लागली. हमीदभाई ताडकन उठले. तिचा दंड धरून त्यांनी तिला आपल्या जागेवर बसवलं, इतक्या जोरात की ती घाबरली. मग कर्जतपर्यंत ते उभेच होते. पळसदरीच्या अलीकडे एक मोरी लागते, रस्ता तिथे जरा वाकतो. तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

कर्जतला उतरल्यावर ते माझ्या खोलीवर आले. मी चहा सांगितला, तो तसाच राहिला. त्यांनी सांगितलं ते असं.

चौदा वर्षांपूर्वी कारखान्याची बस कर्जतहून साजगावला सकाळच्या पाळीचे कामगार घेऊन जात असे. बाहेरचा माणूस घ्यायचा नाही, असा सक्त हुकूम होता. पण पळसदरीच्या फाट्यावर डोंगरावरच्या वाडीतल्या बायका रानभाजी घेऊन खोपोलीच्या बाजाराला निघालेल्या असत, त्या हात करत, आणि हमीदभाई ड्रायव्हरला थांबायला सांगत. सगळेच कारखान्यांच्या गाड्यांत असं करत. बाकांवर कामगार, बायका बॉनेटवर. हजेरीच्या कागदावर त्यांचं नाव नसे, कारण असूच शकत नसे. त्या सकाळी त्यांतली एकटीच होती, बारकी नावाची. चढून बॉनेटवर बसली, टोपली मांडीवर घेतली आणि तिने विचारलं, "दादा, कुठं धरू?"

"मी हसलो, बाय," हमीदभाई म्हणाले. "बोललो, धराला काय नाय, बस अशीच."

मोरीवर बस रस्ता सोडून खाली गेली. ड्रायव्हर जागीच गेला. बारकी पुढच्या काचेतून बाहेर फेकली गेली. गावकऱ्यांनी तिला वेगळ्या टेंपोतून वेगळ्या दवाखान्यात नेलं. ती शुद्धीवर नव्हती. तिथल्या कागदावर कुणीतरी लिहिलं, रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली. इकडे कारखान्याचे साहेब आले. त्यांनी हमीदभाईंना बाजूला घेऊन विचारलं, बाहेरचं कुणी होतं का. हमीदभाई गप्प राहिले तेव्हा साहेब म्हणाले, "आधी आपल्या माणसांचं बघू." हमीदभाईंनी पोलिसांना हजेरीचा कागद दिला आणि जबाब लिहून दिला की कागदावरची सगळी माणसं मिळाली, बाहेरचं कुणी नव्हतं. बसमधल्या कामगारांनी बारकीला चढताना पाहिलं होतं. तेही काही बोलले नाहीत. त्या सगळ्यांना भरपाई मिळाली. बारकीची कंबर मोडली, ती पुन्हा उभी राहिली नाही. तिचा नवरा काळू दोन-तीनदा कारखान्याच्या फाटकाशी जाऊन आला. यादीत नाव नाही, असं त्याला सांगण्यात आलं, आणि ते खरंच होतं.

"मी तिच्याकडं जातो," हमीदभाई म्हणाले. "महिन्यातून एकदा, जुम्म्याची नमाज झाली की. तांदूळ नेतो, पाठीला लावाची पावडर नेतो. दवाखान्याकडून आलोय म्हनून सांगितलंय. ती मला चाचा बोलते." त्यांनी काखेतली वही मांडीवर घेतली. "दर गाडीत मी तिलाच शोधतो, बाय. ती सापडली की लिहीन म्हनतो."

मला वाईट वाटलं. पण मी वकील आहे, आणि वाईट वाटत असतानाही माझं डोकं दुसरीकडे चाललेलं असतं. अपघात जुना होता, पण सहा महिन्यांची अट नंतरची. जुन्या अपघाताला ती लागते की नाही यावर वकील अजून भांडतात, म्हणजे दावा लावून बघता येत होता. बारकीला वकीलही फुकट मिळाला असता, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून. अडचण एकच होती. साक्षीदार हमीदभाई. ते उभे राहिले की पोलिसांना दिलेला खोटा जबाब उघडा पडणार. आणि माझ्याकडे तेव्हा अकरा दावे चालू होते, ज्यांत त्यांनी काढलेल्या गाड्या होत्या. समोरचा वकील प्रत्येक कोर्टात म्हणणार, हा माणूस खोट्या याद्या देतो, त्यानेच कबूल केलंय. मी त्यांना हे समजावून सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं. म्हटलं, हमीदभाई, थोडं थांबा. आधी हे अकरा होऊ द्या.

हमीदभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत दोष नव्हता, नुसतं ओळख पटल्यासारखं काहीतरी होतं.

"सायेब बी तवा हेच बोलले व्हते," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी वाडीवर गेले. हमीदभाई चढाच्या पायथ्याशी थांबले, वर आले नाहीत. झोपडीत बारकी खाटेवर पडली होती, चेहरा तरतरीत, हात सतत काहीतरी निवडत असलेले. मी तिला सांगितलं की त्या बसवर हजेरी घेणारा माणूस आता खरी साक्ष द्यायला तयार आहे. तो कोण, हे मला सांगायचं नव्हतं. हमीदभाईंनी तशी शपथच घातली होती. तिने तो कोण हे विचारलं नाही. म्हणाली, "येऊ दे," आणि अंगठा दिला.

अकरातल्या तीन दाव्यांत मला पुढे त्रास झाला, तो झालाच. दोन सावरले, एकात कमी मिळालं, आणि ज्याला कमी मिळालं त्याला मी कारण सांगितलं नाही. हमीदभाईंचा मुलगा त्याच कारखान्यात कंत्राटावर होता. साक्षीचं समन्स निघालं त्या महिन्यात त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तो बापाशी बरेच दिवस बोलत नव्हता. त्यांची बायको, आमच्या भाभी, मला म्हणाल्या, "त्यांना झोप लागाय लागली बगा." एवढीच एक गोष्ट त्या महिन्यांत जमेची ऐकली.

बारकीच्या दाव्याचा निकाल तिच्या बाजूने लागला. ती गाडीत होती, असं कोर्टाने मानलं. विमा कंपनीने पैसे आधी द्यावेत आणि हवं तर कारखान्याकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला. तो ऐकायला हमीदभाई नव्हते. साक्षीनंतर ते चार महिने जगले. त्या चारही महिन्यांत जुम्म्याची नमाज झाल्यावर ते वाडीवर गेले, चौथ्या वेळी काळूने त्यांना हात धरून चढवलं. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि आटोपलं. मयतीला पाय नसलेली, हात वाकडे जुळलेली, कुबड्या घेतलेली इतकी माणसं आली की मशिदीच्या दाराशी अनोळखी माणूस घाबरला असता.

पण ते डोळ्यांपुढे येतात ते साक्षीच्या दिवशीचे.

अपघाताच्या दाव्यांचं आमचं कोर्ट पनवेलला. बारकीला टेंपोत गादी घालून आणलं होतं. काळूने आणि आणखी एकाने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं आणि मागच्या भिंतीशी ठेवलं. तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एवढी माणसं एकदम दिसत होती. हमीदभाई धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं. हुकूम, फाटा, बॉनेट, टोपली. तिने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. ते मी विचारलं नव्हतं. मग विमा कंपनीचे वकील उठले. भले गृहस्थ आहेत, पण काम ते काम.

"म्हणजे एकदा तुम्ही खोटं बोललात. पोलिसांपुढे तरी, नाही तर आज कोर्टापुढे. कधी?"

"तवा."

"कशावरून मानायचं?"

"तवा नोकरी वाचवाची व्हती," हमीदभाई म्हणाले. "आज मुलाची घालवून आलोय."

न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं. वकीलसाहेबांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण त्यात आधीचा जोर नव्हता. अर्ध्या तासात सगळं संपलं.

खाली आवारात बारकीला पुन्हा टेंपोत ठेवलं. मी तिच्या मानेखाली उशी सरकवत होते. काळू ड्रायव्हरशी बोलत होता. हमीदभाई पायऱ्यांपाशी किती वेळ उभे होते कोण जाणे, मग हळूहळू चालत आले आणि टेंपोच्या उघड्या फळीशी थांबले. मला तिथून निघायला हवं होतं, पण माझा हात तिच्या मानेखाली होता.

"बारके," ते म्हणाले. "त्यो हजेरीवाला मी."

"ऐकला मी," बारकी म्हणाली.

त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. बारकी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. रोजच्या कामाचं काहीतरी सांगावं तसं ती म्हणाली, "मला ठाव व्हता. पयल्या येळेला तांदूळ घेऊन आलास ना, दारात वाकलास, तवाच वळखला तुला."

"मंग?" हमीदभाईंचा आवाज मला ओळखू आला नाही. "मंग बोलली का नाय गं?"

"बोलले असते तर तू यायचा बंद झाला असतास."

हमीदभाई तिथेच उभे राहिले. काळू आला, त्याने फळी उचलून कडी लावली, आणि टेंपो निघाला.